मामाचा शेंदरी ठिपका

घराला दार एकच होतं आणि ते गॅरेजात उघडत होतं. कामठी रोडला लागून, गड्डीगोदामच्या पुढं, मामाची टिनाची शेड होती. शेडच्या मागं दोन खोल्या, मागच्या खोलीला एक खिडकी आणि खिडकीखाली नाला. दूधवाला यायचा तो खोललेल्या इंजिनाला वळसा घालून. मामीच्या बहिणी हळदीकुंकवाला यायच्या त्या तेलाच्या डब्यांमधून लुगडं वर धरून. सकाळी मामा टिनाचं फाटक ढकलायचा तेव्हा आमचं घर उघडायचं, आणि फाटक लागलं की आम्ही सगळे आत. माझा बाप कन्हानच्या कोळसा खाणीत दबून गेला, आई त्याच्या मागं वर्षभर टिकली नाही, आणि मामानं मला सायकलच्या डांडीवर बसवून इथं आणलं. मी सातवी नापास. शाळेनं मला सोडलं, मी शाळेला नाही, असं कला सांगायची. कला म्हणजे चंद्रकला, मामाची एकुलती पोरगी. पुढं माझी बायको झाली. तिला जाऊन आता वर्ष होईल. ती गेल्यापासून घरात हे बोलावं असं कोणी नाही, म्हणून वहीत बोलतो.

त्या घराचा वास मला अजून येतो. मामीची फोडणी आणि रॉकेल. वरणाला रॉकेलचा वास, मामाच्या हाताला वरणाचा. उन्हाळ्यात टिन असं तापायचं की दुपारी कडकड वाजायचं, जसं वर कोणी चालतं आहे. मिलचा भोंगा झाला की मामी पाट्यावरून उठायची. रविवारी पाटवडीचा रस्सा, आणि तर्री इतकी की मामाच्या मिशीला लाल रेघ. जेवताना मामा बोलायचा नाही, ऐकायचा. रोडवरून गाडी गेली की घास हातात धरून म्हणायचा, "तिसऱ्याचा व्हॉल्व जळला." दुसरी गेली की, "हा सिंध्याचा ट्रक. ड्रायव्हर नवा ठेवला वाटते." मामी म्हणायची, "जेवा ना वं बाई, गाड्या काही पळून नाही चालल्या." बाई ती मामालाच म्हणायची, रागात.

त्या शेडीत माझं सगळं आधीच ठरलेलं होतं. गॅरेज पुढं मी चालवायचं आणि कला माझ्या गळ्यात. आत्याच्या पोराला मामाची पोरगी, यात विचारायचं काय. येणारा जाणारा म्हणायचा, "तयार गॅरेज, तयार बायको! पोट्ट्याचं नशीब पाय." मी हसायचो. हसण्यापलीकडं काही करायची सोय नव्हती. कलालाही कोणी विचारलं नव्हतं. ती मॅट्रिक झाली होती, इंग्रजी घेऊन. जुन्या टायरांच्या ढिगावर बसून, ठोकाठोकीच्या वर आवाज काढून तिनं ते इंग्रजी पाठ केलेलं. तिला नर्स व्हायचं होतं. फॉर्म आणला होता, तो मामीनं तांदळाच्या पिंपाखाली दाबून ठेवला आणि म्हणाली, अखजीले, अक्षय तृतीयेले, लगन आहे, मंग पायजो. आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांकडं पाहत नव्हतो. एका पिंजऱ्यातले दोन पोपट एकमेकाला टोचतात, तसं आमचं चालायचं. ती मला वामन्या म्हणायची. मी तिला मास्तरीण.

आता मामाच्या कामाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनात पिस्टन वर-खाली जातो आणि खाली क्रँक गोल फिरतो. दोघांना जोडणारा जो लोखंडाचा दांडा असतो तो कनेक्टिंग रॉड. आमच्या गॅरेजात त्याला नुसता 'हात' म्हणायचे. तो तुटला तर तुटून आत राहत नाही, इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. मग लोक म्हणायचे, "इंजिनानं हात दाखवला." मग ते इंजिन भंगारात. म्हणून मामा सगळ्यात जास्त हाताला जपायचा. शाळेत तो एक दिवसही गेलेला नव्हता. पण एकदा त्यानं मला दोन किलोचं वजन उचलून वर-खाली करायला लावलं.

"हळू कर. हां. आता जोरात. अजून जोरात. आता वर नेऊन एकदम थांब."

मी थांबलो आणि ओरडलो.

"कुठी दुखलं?"

"खांद्यात."

"वर नेताना का वर थांबवताना?"

"थांबवताना."

"हां. तर ध्यानात ठेव बे. हात दाबानं नाही मरत, ओढीनं मरते. पेट्रोल पेटलं का पिस्टन त्याले दाबते, ते तो सहन करते. पण पिस्टन वर जाऊन परतते ना, तवा त्याले खाली खेचा लागते. तिथी तुटते. आन् दुप्पट फिरवलं का ओढ दुप्पट नाही होत, चौपट होते. गोफण फिरवून पाय, खोटं वाटत असंन तर."

मी खरोखर गोफण फिरवून पाहिली. फाटकावर दगड बसून टिनाला खळी पडली, ती शेड पाडली तोवर होती. मामा असंही सांगायचा की गाडी चढावर रडते पण मरत नाही. मरते ती उतारावर, खालच्या गिअरमधे, ड्रायव्हरनं पाय उचलल्यावर. कारण तेव्हा दाबायला पेट्रोल नाही आणि चाकं मात्र इंजिनाला फिरवत असतात. नुसती ओढ. नंतर शिकलेल्या इंजिनिअर लोकांकडून मी हेच ऐकलं, फक्त त्यांना अर्धा तास लागला.

तेव्हाच्या गाड्यांत इंजिनाच्या फेऱ्या मोजायचं घड्याळ नसायचं. नातवाच्या गाडीत आहे, त्यावर लाल पट्टी कंपनीच रंगवून देते. आमच्याकडं ती पट्टी मामा द्यायचा. इंजिन बांधून झालं की तो स्वतः गाडीत बसायचा, काच खाली करायचा, कामठीच्या दिशेनं न्यायचा आणि ऐकायचा. म्हणायचा, इंजिन बोलते तोवर चालवावं, वरडलं का सोडावं. कुठल्या गिअरमधे किती वेगाला ते ओरडायला लागतं ते पाहायचा, त्याच्या बरंच आधी थांबायचा, आणि स्पीडच्या घड्याळाच्या काचेवर काट्यासमोर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका लावायचा. दुसऱ्या गिअरसाठी एक ठिपका, तिसऱ्यासाठी दोन. काटा ठिपक्याच्या पुढं न्यायचा नाही. मारुतीच्या शेंदरातलाच शेंदूर. कोणी मालक हसला की मामा म्हणायचा, "हसा साहेब. पण ठिपक्याच्या पुढं गेले तर मले बोलू नका, मारुतीले बोला." गाड्यांच्या बाजारात दलाल काचेवर शेंदूर दिसला की बोनेट उघडत नसत. उस्तादाची गाडी आहे, एवढं बस होतं.

हाताची परीक्षाही त्याची होती. प्रत्येक हात सुतळीला टांगून छोट्या हातोडीनं टिचकी मारायचा. घंटेसारखा वाजला तर बरा, बद्द वाजला तर बाद. मग रॉकेलमधे बुडवून, कोरडा पुसून, त्यावर खडूची पूड. कुठं केसाएवढा तडा असेल तर आतलं रॉकेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटायची. कुठला हात कुठल्या पिस्टनचा, हे ओळखायला तो खुणा करायचा, पण त्या खाली, जाड भागावर, पंचाचे ठिपके. एक, दोन, तीन, चार. मधल्या डांडीला हातोडी लावायची नाही, कानशीचा ओरखडासुद्धा नाही. मला पहिल्या वर्षी एकदा त्यावरून थोबाडीत बसली होती. "डांडीवर खूण नाही करा लागत," तो म्हणाला, "तिथीच सारी ओढ असते."

हे मला माहीत होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कोणाला वाटू नये.

त्या वर्षी होळीच्या आधी कन्हानहून बापाच्या दोस्ताचा निरोप आला. खाणीच्या वर्कशॉपात जागा आहे, साहेब बापाचं नाव ओळखतो, रामनवमी झाली की ये. मी कोणाला सांगितलं नाही. त्या निरोपानंतर मला शेडीत श्वास यायला लागला. मामीची वटवट, टिनाची कडकड, सगळं आता मोजक्या दिवसांचं वाटायला लागलं. एका पिशवीत दोन सदरे, बापाची डबी आणि एक पाना भरून ती मी टायरांच्या मागं ठेवली. रोज सकाळी जाऊन हात लावून पाहायचो, आहे ना.

त्याच दिवसांत डॉक्टरसाहेबांची काळी गाडी आली. हे डॉक्टर आठवड्यातून तीनदा रामटेककडच्या दवाखान्यात जायचे. त्यांचा ड्रायव्हर जब्बारभाई, पांढरी दाढी, गाडी अशी चालवायचा की मागच्या सीटवर चहा पिऊन घ्या. इंजिन पूर्ण खोललं. मामानं चारी हात वाजवले, चारींना खडू लावला, चारी पास. आणि दुसऱ्या दिवशी त्याला हिवताप चढला. गोधडीतून म्हणाला, "वामन, तूच बांध आता. येते तुले."

मी एकट्यानं बांधलेलं ते पहिलं इंजिन. अभिमान वाटला, खोटं काहून बोलू. आणि चीडही आली. कारण मला माहीत होतं, लोक म्हणतील उस्तादानं बांधलं. मी निघून जाईन आणि या शहरात माझी एक खूणही राहणार नाही. कामठीच्या लष्करी भंगारातून मामानं एक हत्यारांची पेटी आणली होती, तिच्यात इंग्रजी अक्षरांच्या ठशांचा डबा होता. लोखंडावर ठेवून हातोडी मारली की अक्षर उमटतं. मामाला ती अक्षरं येत नव्हती, म्हणून डबा तसाच पडून होता. मला माझं एक अक्षर येत होतं. नागपुरात वामनचा व म्हणजे डब्ल्यू. दुपारची वेळ होती, मामी मामाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मी तिसऱ्या पिस्टनचा हात शिकंज्यात धरला, आणि जाड भागावर ठिपके आहेत, तिथं माझं अक्षर कोण पाहील, असं म्हणून बरोबर डांडीच्या मधोमध डब्ल्यू ठेवला. एक घाव. खोल, छान, टोकदार उमटला. बोट फिरवलं तर बोटाला लागलं. मग मी इंजिन बांधलं.

मामा चार दिवसांनी उठला, अशक्त होता तरी गाडीत बसला, ऐकलं. "घड्याळासारखं बांधलं बे," म्हणाला आणि शेंदूर लावला. मला त्यानं तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं चांगलं म्हटलं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो. घरी सांगायचं ठरवलं होतं ते असं, की कन्हानला बापाच्या दोस्ताला भेटून येतो. सकाळी तोंड धुऊन, पिशवी काढून, मी फाटकापाशी आलो आणि समोरून ट्रकला दोरीनं बांधलेली काळी गाडी आत आली. मला बाजूला व्हावं लागलं. जब्बारभाई खाली उतरला, एका पायात चप्पल नव्हती आणि पाऊल कापडानं बांधलेलं होतं.

"उस्ताद," तो म्हणाला, "हाथ दिखा दिया इंजन ने."

आदल्या संध्याकाळी परतताना कन्हानच्या पुलाच्या उतारावर झालं. ठण्ण आवाज, भिंत फुटली, गरम तेल आत त्याच्या पायावर आणि बाहेर चाकाखाली. गाडी तेलावरून घसरत कठड्याला घासून थांबली. डॉक्टरसाहेब मागं बसले होते. खाली नदी. डॉक्टरांनी तिथंच सांगून टाकलं, तू दामटवली, उद्यापासून येऊ नको. जब्बारभाई हात जोडून मामाला सांगत होता, "कसम खुदा की उस्ताद, काटा बिंदी के ऊपर गया ही नहीं. दो बिंदी के नीचे था मैं. आप तो जानते हो मुझे."

"जानते," मामा म्हणाला. "बैठो. वामन, चहा सांग. आन् पिशवी कुठी घेऊन चालला?"

"कुठी नाही," मी म्हणालो.

त्यानं आधी माझ्याकडून इंजिनाच्या पोटाचं टाकं खोलून घेतलं. तेलात लोखंडाचे तुकडे होते. तिसऱ्याचा हात मधून तुटला होता. खालचा अर्धा क्रँकला बोल्टनं धरलेला तसाच होता. मामानं तो सोडवून घेतला, रॉकेलनं धुतला आणि उजेडात फाटकापाशी नेला. मी त्याच्या मागं उभा होतो. माझं अक्षर शाबूत होतं, आणि तुटलेली कड त्याच्या टोकांना चिकटून गेली होती, जसा टोचलेल्या भोकांवरून कागद फाटतो.

मामाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तुटलेलं लोखंड येत होतं. त्यानं तुटलेल्या तोंडावर अंगठा फिरवला. "हे पाय जब्बारभाई. हा भाग मळकट, गुळगुळीत आहे. इथून तडा गेला, रोज थोडा थोडा. आन् हा चमकून राहिला, साखरेवानी, हा कालचा, एका झटक्याचा. गाडी तुम्ही नाही दामटवली." मग तो थांबला. ज्या जागेवरून मळकट भाग सुरू होत होता तिथं त्यानं नख ठेवलं. नख अक्षरात जाऊन अडकलं.

"हे काय आहे?"

मी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली.

"हे काय गोदलं आहे इथी? कला! ए कला, बाहेर ये वं. हे वाच."

कला पिठाचे हात घेऊन आली. मामानं तुकडा तिच्यासमोर धरला. तिनं तुकड्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं, आणि पुन्हा तुकड्याकडं. टिन कडकड वाजत होतं. मला वाटलं आता झालं. आता फाटक उघडं आहे, मामा मला कानफटात मारून याच दारातून हाकलेल, आणि दोनची बस मला मिळेल. भीती वाटत होती आणि कुठंतरी बरंही वाटत होतं.

"एम आहे, बाबा," कला म्हणाली.

"एम म्हणजे?"

"इंग्रजी अक्षर. कंपनीचं असंन."

डब्ल्यू उलटा धरला की एम होतो. मामानं तो तुकडा तिच्या बाजूनं उलटा धरला होता का सुलटा, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. मी त्याच्या पाठीमागं होतो.

"कंपनीचं," मामा म्हणाला. त्यानं तुकडा पुन्हा पुसून पाहिला. "म्हणजे हे तवाच होतं. खडू लावला तवा होतं. आन् मले दिसलं नाही." त्यानं डोळे चोळले. हाताला तेल होतं, ते डोळ्यांत गेलं, मामीनं पदर आणून दिला. "असा मार खाल्लेला हात म्यां पास केला. त्याच्यावर ठिपका लावला. जब्बारभाई, चूक माही आहे."

तो तसाच, पदरानं डोळे पुसत, डॉक्टरांकडं गेला. मी सोबत होतो. डॉक्टरांच्या ओट्यावर चपला काढून तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या ड्रायव्हरची चूक नाही. माहा डोळा चुकला आन् माहा ठिपका चुकला. त्याले काढू नका." डॉक्टरांनी जब्बारभाईला परत ठेवलं. मामाकडं गाडी मात्र पुन्हा पाठवली नाही. मी त्या ओट्याखाली उभा होतो. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. मी मामाच्या चपला सरळ करून ठेवल्या.

परत आल्यावर मामानं शेडीत उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या काचा रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या. शेंदूर निघताना आधी पसरतो, सगळी काच लाल होते, मग हळूहळू जातो. पुढच्या महिनाभर जी जुनी गाडी दारात आली तिच्या काचेवरचा ठिपका तो स्वतः पुसायचा. मालक म्हणायचे, "राहू द्या ना उस्ताद." तो म्हणायचा, "ज्याले अक्षर दिसत नाही त्यानं काट्यापुढं ठिपका नाही लावा लागत." डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी सांगितलं नजर चांगली आहे. मामा मामीला म्हणाला, "त्याले काय समजते?" इंजिन खोलायचं त्यानं सोडलं. बाहेर स्टुलावर बसून पंक्चर काढायचा. कान तसाच होता. गाडी गेली की ओठ हलायचे, पण मोठ्यानं काही सांगायचा नाही.

त्या दिवशी मोरीपाशी मी हात धूत होतो तेव्हा कला भांडी घेऊन आली. "कन्हानची बस दोनले आहे म्हणे," ती म्हणाली.

"तुले कोणं सांगितलं?"

"पिशवी महिन्यापासून टायरामागं आहे. मी झाडते तिथी. तू नाही झाडत."

मला विचारायचं होतं, तुला एम दिसला का तू खोटं बोलली. पण ते विचारायचं तर आधी डब्ल्यू म्हणावं लागत होतं. मी पिशवीतले सदरे काढून दोरीवर टाकले. ती पाहत होती. मग म्हणाली, "बापाची डबी तेवढी नीट ठेव, हरवशीन." आणि भांडी घासायला बसली.

गेलो नाही. कसा जाणार? गॅरेज आता मामा चालवणार नव्हता. तोंड उघडलं असतं तर त्यानं हाकललं असतं, मी सुटलो असतो. तोंड बंद ठेवलं म्हणून राहावं लागलं. त्या फाटकाची कडी मामानं नाही घातली, मी आतून घातली. अखजीला लग्न झालं. मांडवात एका बाजूला ट्रॅक्टर खोललेला होता. तांदळाच्या पिंपाखालून कलाचा फॉर्म पुढं कधीतरी निघाला, ओल लागून काळा झालेला. तिनं तो चुलीत घातला आणि त्यावर चहा केला. चहा चांगला झाला होता. वामन्याचा मी 'अहो' झालो, आणि वामन्या म्हटल्यावर जेवढी धार असायची त्याहून जास्त धार ती 'अहो'त आणायची. मी पुष्कळ इंजिनं बांधली. हात वाजवून घेतले, खडू लावला, डांडीला कधी नख लागू दिलं नाही. लोक मला उस्ताद म्हणायला लागले. मी ठिपका कधी लावला नाही. कोणी मागितला तरी नाही.

मामा म्हातारा होऊन, स्टुलावरच बसल्या बसल्या गेला. शेवटपर्यंत रोज सांगायची संधी होती. रोज जेवायला समोरासमोर बसत होतो.

कला आजारी पडली तेव्हा बोलायला खूप वेळ मिळाला. नर्सेस यायच्या, त्यांची सलाईन लावायची पद्धत तिला पटायची नाही. "मी असती तर," म्हणायची आणि थांबायची. एका दुपारी मी तिला विचारलंच. एवढी वर्षं झाली होती, दोघांनाही भ्यायला कोणी उरलं नव्हतं.

"तवा तुले एम दिसला होता का?"

मी कशाबद्दल म्हणतो ते तिला विचारावंही लागलं नाही. "तुमचं नाव उलटं धरा का सुलटं," ती म्हणाली, "मले वाचता येत होतं."

"मंग एम काहून म्हटलं?"

"जब्बारभाई बसले होते समोर. बाबाचा हात तिथीच तुमच्या कानफटात बसला असता. म्हटलं, लोकाइसमोर नको. रात्री जेवताना हे सांगतीन स्वतः." तिनं श्वास घेतला. "मी वाढत होती त्या दिवशी. पाटवडी होती. तुम्ही दोनदा रस्सा घेतला."

"तू काहून नाही सांगितलं मंग? नंतर?"

"मी काहून सांगू? अक्षर तुम्ही मारलं होतं." मग पंख्याकडं पाहून म्हणाली, "मी वाट पाहिली ना पण. बाबा गेले त्या दिवशीपर्यंत पाहिली. रोज ताट वाढलं का वाटे, आज हे सांगतीन."

मी तिचा हात धरून बसलो. तिनं काढून घेतला नाही, दाबलाही नाही. दहा-बारा दिवसांनी ती गेली.

नातू परवा म्हणाला, आजोबा, माझ्या गाडीच्या काचेवर हे लाल काय लावलं? मी म्हटलं, राहू दे. तो पुसायला निघाला तर मी ओरडलो, एवढा की सून बाहेर आली. आयुष्यात मी लावलेला तो एकच ठिपका.

वाट पाहणारी आता नाही, ऐकणारा तर कधीचाच नाही. तरी लिहितो, जेवायच्या वेळेलाच लिहितो. मामा, तुमचा डोळा चुकला नव्हता. खडू लावला तेव्हा त्या हातावर काहीच नव्हतं. तुमचा ठिपकाही बरोबर होता. तो एम नव्हता, मामा. तो डब्ल्यू होता. वामनचा.